दुहेरी पांढरे कापड

अमरावती
९ ऑक्टोबर १९६६

चि. जयवंता हिस,
सप्रेम जयभीम.

अपघाताला तीन आठवडे होऊन गेले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. रागावू नकोस, असे म्हणण्याचाही मला अधिकार नाही. ‘देवमनराव सुखरूप’ एवढी तार केली आणि त्या एका शब्दामागे लपून बसलो. रोज डायरी लिहितो, पत्र मात्र उद्यावर ढकलत आलो.

तुझ्या कानावर अर्धेमुर्धे आले असेल, म्हणून सगळे सांगतो. मुंबईच्या कंपनीचे हेलिकॉप्टर नांदगाव खंडेश्वरला गोवर्धन पाटलांच्या मळ्यात मुक्कामी होते, कपाशीवरच्या फवारणीसाठी. पेट्रोल सांभाळण्याचे आणि भरण्याचे काम देवमनरावांचे. त्या सकाळी मी बांधावर उभा होतो. यंत्र कपाशीवर चढले आणि त्याचा आवाज एकदम तुटला. वरचा पंखा फिरत होता, पण इंजिन गप्प. लोकांना वाटले, पायलट करामत दाखवतो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, जया! पायलट दस्तूर साहेबांनी पंख्याच्या उरलेल्या जोरावर ते वावरात उतरवलेही होते. पण काळी माती ओली, खालचा दांडा तिच्यात रुतला आणि यंत्र कुशीवर पडले. पंख्याने स्वतःचेच शेपूट तोडले. साहेबांचा पाय मोडला. पेट्रोल ठिबकत असताना धावत जाऊन त्यांचा पट्टा कापला आणि त्यांना ओढून काढले ते तुझ्या नवऱ्याने. बाकी आम्ही सगळे बांधावरच होतो.

आता पुढचे. इंजिनाच्या पेट्रोलमध्ये पाणी सापडले. कंपनीचा मॅनेजर म्हणतो, देवमनने पेट्रोल विकले आणि तूट पाण्याने भरली. नोकरी थांबवली आहे. दिल्लीहून चौकशी अधिकारी यायचा आहे, तोवर जिल्हा सोडायचा नाही, म्हणून ते माझ्याकडे राहतात. तुझी वहिनी लीलाबाई त्यांना दोन वेळा जेवायला बसवते, तेवढेच. विचारले की इतकेच म्हणतात, “भाऊ, पाणी मी नाई टाकलं.” मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण हे वाक्य लिहिताना मी ते दोनदा वाचून पाहिले, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

तुझा,
देवरावदादा

•

अकोला
१३ ऑक्टोबर १९६६

ती. दादांस,
जयभीम.

तुम्ही विश्वास दोनदा वाचून पाहिलात. मला एकदाही पाहावा लागला नाही. चौदा वर्षं संसार केला आहे. बाजारातून उरलेला आणासुद्धा हा माणूस माझ्या डब्यात परत टाकतो. ते पेट्रोल विकतील?

पिंपं कोणाच्या मळ्यात होती? गोवर्धन पाटलाच्या. रात्री तिथं कोण असायचं? त्याचीच माणसं. मग पकडायला कोण सापडलं? आपलाच माणूस. यात विचार करण्यासारखं काय आहे, ते मला कळत नाही. तुम्ही सरकारी अधिकारी, शेतकी कॉलेजात शिकलेले. गावोगाव हिंडून ‘फवारणी करा’ म्हणून तुम्हीच सांगितलं. मग साक्ष द्यायच्या वेळी तुमची लेखणी अडते का? लिहून द्या की पाटलाच्या माणसांनी पाणी घातलं.

शाळेत मला कोणी काही विचारत नाही. मी शिक्षकखोलीत गेले की बोलणं थांबतं. माणिकबाईंनी परवा स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “घे माय, तू काई केलं नाईस.” म्हणजे कोणीतरी केलं आहे, असं त्याही धरून चालल्या आहेत. मी चहा प्याले. आता वाटतं, प्यायला नको होता.

यांना सांगा, मला पत्र लिहा. आणि पायांत काय घालतात ते बघा. मागच्या वर्षी तुम्ही कौतुकानं आणलेल्या चपला अजून खाटेखाली तशाच आहेत, कोऱ्या. हा माणूस अकोल्याच्या उन्हाळ्यातही कापडी बूट घालून फिरतो. मी म्हणाले, साळ्यानं दिलेलं घालायला कमीपणा वाटतो का? तर हसले नुसते. न बोलण्याची सवय आजची नाही.

तुमची,
जया

•

अमरावती
२१ ऑक्टोबर १९६६

चि. जया,

तुझे पत्र लागले, आणि लागले हे बरेच झाले. परवा नांदगावला जाऊन आलो.

गोवर्धन पाटील बांधावरच भेटले. मोडके यंत्र तसेच पडून आहे, त्यावर ताडपत्री आणि शेजारी एक पेंगणारा शिपाई. मला पाहून म्हणाले, “या साहेब! तुमी म्हणे फवारणी करा, फवारणी करा. आता पाहा, फवारणीवालंच येऊन पडलं वावरात. अळीले काई झालं नाई, कपाशीची पऱ्हाटी मात्र गेली.”

मी विचारले, रात्री पिंपांजवळ कोण असते? ते भडकले. “मले चोर म्हणून राहिले काय? मॅनेजरनं शेडात जागा असून पिंपं बाहेर उभी केली. मी म्हटलं, पाणी पडते, आत घ्या. तर मलेच म्हणे, तुम खेती करो. आता तुमी आले. सरळ विचारा ना, काहून आडूनआडून विचारता?”

मला खरेच लाज वाटली. मी आडूनच विचारत होतो. तू सांगितलेले मनात धरून गेलो होतो आणि त्यांच्या तोंडावर ते म्हणायचे धाडस नव्हते.

त्यांची आई पार्बताबाई ओसरीवर बसल्या होत्या. महानुभाव पंथाच्या आहेत, रिद्धपूरला नेमाने जातात. त्यांनी मला बसायला सांगितले आणि आपणहून बोलल्या: “थो तुमचा जवाई लय नेटका मानूस. रोज सकाळी हात धुवाचा, पांढरं सफेत कापड दोन पदरी करून नरसाळ्यावर बांधाचा, मंगच पेट्रोल ओताचा. मी दूध गाळतो का नाई, तसं. चोर मानूस इतकं करते काय? बोला.”

जया, यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून आणू? परक्या घरची, परक्या जातीची, वयस्क बाई, कोणी न विचारता बोलली. मी तिथेच ओसरीवर बसून तिचे म्हणणे लिहून काढले, तिचा अंगठा घेतला आणि आज रजिस्टर पोस्टाने चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवले. पाटलांच्या माणसांवर मी काहीही लिहिलेले नाही. तू रागावशील. पण जे मी पाहिले नाही ते लिहिता आले नाही.

घरी येऊन देवमनरावांना हे सांगितले. आनंद होईल असे वाटले होते. ते उठून अंगणात गेले. मी समजलो, मन भरून आले असेल.

तुझा,
दादा

•

अकोला
२६ ऑक्टोबर १९६६

ती. दादा,

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले. पार्बताबाईंना माझा नमस्कार सांगा. गोवर्धन पाटलाबद्दल बोलले ते परत घेते. पूर्ण नाही, निम्मं घेते.

ते कापड कुठलं, ठाऊक आहे का तुम्हाला? माझ्या नागपूरच्या लुगड्याचं. छप्पन साली दीक्षेला नेसले होते तेच. धुऊन धुऊन जाळीसारखं झालं होतं, पण टाकवत नव्हतं. जुलैत हे म्हणाले, “एक साफ पांढरं कापड पाहिजे, पेट्रोल गाळासाठी.” मी म्हटलं, कंपनी कापड देत नाही का? तर म्हणाले, “तूच दे.” मी ट्रंकेतून काढून दोन तुकडे कापले, कडा शिवून दिल्या. कारण विचारलं नाही. बरं वाटलं होतं, की माझी वस्तू उडत्या यंत्राच्या कामी येते.

यंदा दीक्षेला दहा वर्षं झाली. दसऱ्याला दोघं मिळून नागपूरला जायचं ठरलं होतं, राहिलं. पण ते लुगडं त्यांच्या साक्षीला आलं, यात मी भरून पावले.

आता अधिकारी काय म्हणतो ते ताबडतोब कळवा. तुमचं ते रोज डायरीत शेवटी ‘उद्याचे काम’ लिहायचं वेड अजून आहे ना? मग उद्याचं काम म्हणून मला पत्र लिहा.

जया

•

अमरावती
४ नोव्हेंबर १९६६

चि. जया,

हे पत्र कसे सुरू करावे ते सुचत नाही. जे घडले ते क्रमाने लिहितो.

काल विश्रामगृहावर बोलावणे होते. चौकशी अधिकारी, कंपनीचा मॅनेजर आणि दस्तूर साहेब, पायाला प्लास्टर, तो पाय स्टुलावर. मी देवमनरावांबरोबर होतो. अधिकाऱ्याने माझा कागद काढला, पार्बताबाईंचे म्हणणे मोठ्याने वाचले आणि विचारले, “कापड? आणि कातडे कुठे आहे?”

मला प्रश्नच कळला नाही. मला अळ्या कळतात, इंजिने कळत नाहीत. दस्तूर साहेबांनीच मला समजावले, अगदी सौम्यपणे, आणि तेच फार लागले. उघड्यावर उभ्या पिंपाच्या वरच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचते आणि बुचाच्या फटीतून आत झिरपते. म्हणून पेट्रोल एका मऊ, कमावलेल्या कातड्यातून गाळतात. कातडे एकदा पेट्रोलने भिजले की त्यातून पेट्रोल खाली जाते, पाणी वर राहते. कापडातून दोन्ही जाते. कापड एकपदरी असो की दुहेरी.

मी देवमनरावांकडे पाहिले. त्यांना हे माहीत नव्हते. जया, तो चेहरा मी विसरणार नाही. ते दस्तूर साहेबांच्या पायाकडे पाहत होते.

“कातडं दिलं होतं ना तुला?” अधिकाऱ्याने विचारले. ते म्हणाले, “दिलं होतं.” “मग वापरलं का नाहीस?” तीनदा विचारले. मॅनेजर म्हणाला, “साहेब, पेट्रोल विकलं तसं कातडंही विकून खाल्लं असेल.”

म्हणजे त्यांच्या बचावाचा पुरावा म्हणून मी जे पाठवले, त्यानेच ते अडकले. आणि मी किती काळजीपूर्वक पाठवले होते! अंगठा घेऊन, रजिस्टरने.

परतताना ते रस्त्याच्या पुलावर बसले आणि बोलले. त्यांचेच शब्द लिहितो:

“भाऊ, माया बाप मेलेली ढोरं ओढे. गावाचं कामच थे. मी लहान होतो, शेपटीकडून धरा लागे मले. शाळेत पोरं नाक दाबत. छप्पन साली नागपूरहून आलो, त्या दिवशी बापानं सुरी पेढी नदीत फेकून देल्ली. मी मनात म्हटलं, आता कातड्याले हात लावनार नाई. कोनाले सांगतलं नोतं. जयाले बी नाई. चपलाचं तिनं विचारलं, तवा हसलो.”

मी विचारले, मग हे आत का नाही सांगितले? ते म्हणाले, “काय सांगू? थे म्हनले असते, पाहा, यांचं अजून तेच चालू आहे.”

आता कठीण भाग. निघताना मॅनेजरने मला व्हरांड्यात गाठले. कातडे कुठेतरी हरवले म्हणा आणि म्हातारीने शेडात चामडे येऊ दिले नाही असे लिहून द्या, म्हणाला. रिद्धपूरला जाणारी बाई, कोणालाही पटेल. दोष ना कंपनीचा, ना देवमनचा. तो पुढच्या हंगामात त्यांना परतही घेईल. मी त्याला तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणालो नाही. ‘विचारतो’ म्हणालो. का म्हणालो, हे कालपासून स्वतःला विचारतो आहे.

तुला काय वाटते?

दादा

•

अकोला
८ नोव्हेंबर १९६६

दादा,

मला काय वाटतं? घाला म्हातारीचं नाव. तिचं काय बिघडणार आहे? फाशी देतील का तिला? आमच्यावर पिढ्यान्पिढ्या इतकं खोटं लिहिलं गेलं. एक खोटं आमच्या बाजूनं लिहिलं, तर आभाळ पडेल? इथं माझ्या नवऱ्याला चोर म्हणतात आणि तुम्ही तिथं अंतःकरण तपासत बसला आहात. मला तुमच्या दोघांचाही फार राग आला आहे. एक बोलत नाही आणि दुसरा बोलतो ते नेमकं नको तिथं.

इथवर काल लिहिलं होतं. फाडत नाही. ते माझं आहे, राहू दे.

आज शाळेला सुट्टी लागली. घर झाडताना खाटेखालच्या चपला हाताला आल्या. दहा वर्षं, दादा. मी मुलींना इतिहास शिकवते आणि माझ्या घरातल्या माणसाच्या पायांत काय नाही, ते मला वाचता आलं नाही. मी त्याला टोमणे मारले. चपला शाळेच्या शिपायाला देऊन टाकल्या. त्याला कळेना, बाई रडतात कशाला.

आणि लुगडं. त्यांनी माझंच कापड का मागितलं, ते आता कळलं. काहीतरी शुद्धच पाहिजे होतं त्यांना कातड्याच्या जागी. मी दिलं आणि त्यातून पाणी गेलं. दस्तूर साहेबांचा पाय नीट होईल ना?

त्यांना माझा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहा. कातडं कशासाठी असतं हे कोणी समजावून सांगितलं असतं, तर त्यांनी हात लावला असता का?

म्हातारीचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही नाही आणि मीही नाही.

जया

•

अमरावती
१३ नोव्हेंबर १९६६

चि. जया,

तुझा प्रश्न विचारला. ते कापडी बुटाची नाडी सोडत-बांधत बसले. मग म्हणाले, “समजावून सांगतलं असतं तर तारेची चौकट करून चिमट्यानं धरलं असतं. मानूस वर बसते त्यात. मी काय येडा हाव?” आणि मग, मी काही न विचारता: “मॅनेजरनं कातडं मायाकडे फेकलं आन् म्हने, ‘ये लो, ये तो तुम लोगों का ही माल है.’ सगळे हसले. मंग गाळाले कापड सोडून कातडंच काहून, हे मी विचारलं नाई. तसंच चिंधीनं उचलून पुडक्यात बांधून शेडाच्या आडव्या लाकडाले लटकवून देल्लं.”

हे होते तर. आणि हे वाक्य ते इतके महिने गिळून बसले होते.

पार्बताबाईंबद्दल मी विचारण्याआधीच उत्तर मिळाले होते. काल गोवर्धन पाटील बाजाराला आले ते थेट घरी. कोणीतरी त्यांना मॅनेजरची युक्ती सांगितली होती. दारातच म्हणाले, “माय म्हणते, नाव सांगा बाप्पा माझं. माझं कोन काय करनार हाय? पन थे पुडकं पैले शेडातून न्या म्हणते. आडव्याले लोंबकळून राहिलं. मी हात लावत नाई, माय लावत नाई, गडी लावत नाई. शेडात जावाचं बंद झालं आमचं!”

देवमनराव अपघातानंतर पहिल्यांदा हसले. मग पाटलांना म्हणाले, “मायले सांगा, दूध गाळनाऱ्या बाईसारखा म्हनली मले. तिच्यावर खोटं घालनार नाई.” पाटलांनी चहा घेतला, आमच्या घरचा, आमच्याच कपातून. लीलाबाईने तो कप धुताना मला हाक मारून दाखवला.

तसेच आम्ही दोघे विश्रामगृहावर गेलो. देवमनरावांनी सगळे सांगितले, बापाच्या सुरीपासून. अधिकारी पेन थांबवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, मॅनेजरचे बोलणे चौकशीच्या विषयात येत नाही, ते मी घेणार नाही. दस्तूर साहेब म्हणाले, “माझा पाय येतो ना विषयात? मग ते वाक्यही येतं. लिहा.” तरी त्याने लिहिले नाही. मॅनेजर म्हणाला, सब कहानी है, कातडे असते तर दाखवले असते. त्यावर अधिकारी म्हणाला, न वापरलेले कातडे समोर आणून ठेवा, मग चोरीचा शब्द माझ्या अहवालात येणार नाही. ‘गाळण्यात कसूर’ हा राहील. तो परवा सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरतो.

म्हणजे नोकरी गेली, जया. ती परत येणार नाही. चोर हा शब्द तेवढा पुसला जाईल. मॅनेजरचे वाक्य मी वेगळ्या कागदावर, माझ्या सहीने जोडणार आहे. त्यांनी फाडायचे तर फाडावे. माझ्याकडे प्रत राहील. इतक्या धडपडीनंतर हाती एवढेच लागते, याचा मला संताप येतो. तो कोणावर काढावा, तेही कळत नाही.

अधिकाऱ्याचा शिपाई म्हणाला, मी चामडे उचलणारा नाही. देवमनराव म्हणाले, “मी संगं येतो भाऊ, शेड दाखवतो. पन हात नाई लावनार.” मी म्हणालो, नका लावू. आपले वडीलही कातड्याचेच काम करीत. मी शेतकी कॉलेजात होतो तेव्हा माझी फी त्यातूनच येत असे. माझ्या हातांना ते कधी करावे लागले नाही, म्हणून मला शपथही घ्यावी लागली नाही. सबंध गावात त्या पुडक्याला हात लावायला मोकळा असा मीच एक उरलो आहे.

दस्तूर साहेबांचा पाय नीट बसला आहे. अधिकारी गेला की देवमनराव अकोल्याला येतील. तुझ्या लुगड्याचे दोन्ही तुकडे त्यांनी धुऊन पिशवीत ठेवले आहेत.

डायरीचे पान आज इथेच लिहितो.

उद्याचे काम: पहिल्या एस.टी.ने नांदगाव, आडव्यावरचे कातडे माझ्या हाताने काढून आणणे.